उन्हाला भिणारी गोधडी

मी विकलेली गोधडी कुणी धुण्याच्या सोड्यात भिजत घातली तर तिचा निळा रंग उडेल, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. शाळेत वर्षानुवर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलेला माणूस मी. तरी गोधडीला टाचलेल्या चिठ्ठीवर लिहिलं काय? ‘नाजूक कलावस्त्र. शक्यतो कोरडी धुलाई करावी.’ यात खोटं एक अक्षर नाही. खरं तरी काय आहे? ‘शक्यतो’ हा शब्द मी चांगला दोन-चार वेळा खोडून पुन्हा घातला होता. ‘साबण लावलात तर निळ्याचं पिवळं होईल’ असं सरळ लिहिलं असतं, तर पुण्याच्या प्रदर्शनात त्या गोधडीपुढे थांबून कौतुक करणाऱ्यांनी पाकिटात हात घातला असता का?

छपाई कशी होते ते आधी सांगतो, कारण माझी लबाडी त्या रसायनातच दडलेली आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड हे दोन क्षार वेगवेगळे पाण्यात विरघळवायचे, अंधाऱ्या खोलीत समप्रमाणात एकत्र करायचे आणि सुती कापडाला लावून तिथंच वाळवायचे. कापड पिवळट हिरवं दिसतं. त्यावर कडुनिंबाची डहाळी, शेवग्याचं पान, जे हाताला येईल ते पसरून वर काच ठेवायची आणि उन्हात न्यायचं. आमच्या धाराशिवच्या एप्रिलमधल्या दुपारी फार वाट पाहावी लागत नाही. उन्हातले अतिनील किरण पडतील तिथला फेरिक लोहक्षार फेरस होतो, तो फेरिसायनाइडशी जुळतो आणि पाण्यात न विरघळणारा निळा रंग तयार होतो. पानाखाली ऊन पोचत नाही, तिथले क्षार तसेच विरघळणारे राहतात आणि पाण्यात निघून जातात. निळ्या जमिनीवर पांढरं पान उमटतं, त्याच्या कातरलेल्या कडांसकट. इंग्लंडमध्ये जॉन हर्शेलनं ही रीत १८४२ साली शोधली. पुढे इंजिनिअर लोकांनी नकाशांच्या प्रती काढायला तीच उचलली, आणि ‘ब्लूप्रिंट’ आपल्या बोलण्यात आली ती तिथून.

आता या निळ्याचा स्वभाव. आम्लात तो टिकतो, अल्कलीत मोडतो. धुण्याचा सोडा म्हणजे चांगलीच अल्कली. त्यात हा निळा पडला की फुटतो आणि मागे लोखंडाचा गंजकट पिवळा डाग राहतो. आमच्या भागातलं बोअरचं जड पाणीसुद्धा याला मानवत नाही. पहिल्या धुण्याच्या पाण्यात मी चिमूटभर लिंबूसत्त्व टाकतो ते त्यासाठीच. म्हणजे बघा, स्वतः धुताना मी इतका जपून, आणि घेणाऱ्याला मोघम ‘शक्यतो’!

याहून गमतीची गोष्ट वेगळीच आहे. उन्हानं छापलेलं हे कापड उन्हात ठेवता येत नाही. कडक उन्हात बराच वेळ पडलं तर निळा फिकट होत जातो. अंधारात हवेशी ठेवलं की बराचसा परत येतो, पण म्हणून कुणी रोज ऊन द्यावं असं ते कापड नव्हे. आणि गोधडीचं आयुष्य तर ऊन खाण्यात जातं. रात्रभर पांघरायची, सकाळी घडी घालून वळकटीवर टाकायची, पोरानं ओली केली तर दोरीवर, ढेकूण झाले तर पत्र्यावर, पावसाळा सरला की सगळ्याच्या सगळ्या अंगणात. घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. तुळजापूरची आई ज्या जिल्ह्यात, तिथं या धुण्याला सुट्टी नाही. तळ्यावर, विहिरीवर, नदीला पाणी असलं तर नदीवर, वाकळी सोड्यात भिजवून दगडावर धोपटल्या जातात आणि काठावरच्या झुडपांवर, खडकांवर वाळत पडतात. दरवर्षी ही परीक्षा देते ती वाकळ. मी बनवली ती या परीक्षेला बसणारच नाही, हे ठाऊक असून तिला मी गोधडी म्हणत होतो. का? नुसतं ‘निळं चित्र’ म्हटलं असतं तर कुणी वळून पाहिलं नसतं म्हणून? की गोधडी म्हटलं की आजी आठवते, आजी आठवली की भाव वाढतो म्हणून?

मी छापलेले तुकडे जोडून त्यांना दोरे घालणाऱ्या बाई आमच्या जवळच्याच खेड्यातल्या. अंगणात अस्तर अंथरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, मध्ये जुनी लुगडी, वर माझे निळे तुकडे, आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. हात असा की रेघ आखावी लागत नाही. पहिला तुकडा हातात घेऊन त्यांनी तो चुरगाळला, बोट ओलं करून घासून पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, “सर, सोड्यात टाकल्यावर राहील का ओ ह्ये?”

मी काय उत्तर दिलं? म्हणालो, “मावशी, ही पांघरायची नाही, बघायची गोधडी आहे.” त्या काहीच बोलल्या नाहीत. सुईत दोरा ओवला. मला मात्र घरी येईपर्यंत राग होता. एवढं कौतुकानं दाखवायला नेलं आणि या बाईला सोडा आठवला! शहरातल्या एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता, मग हिला कळतंय काय, इथपर्यंत मी मनात बोलून गेलो.

आमच्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणं घेतलं आणि जमलेल्या संतांच्या डोक्यांवर एकेक थाप मारून मडकं भाजलंय की कच्चं ते पाहिलं. बाकी सगळे शांत बसले, नामदेव तेवढे रागावले, आणि गोरोबांनी तेच मडकं कच्चं ठरवलं. कीर्तनात ही गोष्ट ऐकताना आपण नेहमी गोरोबांच्या बाजूनं बसतो. थापटणं आपल्या हातात आहे असंच वाटत असतं. बाईंचा प्रश्न ही तसलीच थाप होती. मला लागलं ते प्रश्न चुकीचा होता म्हणून नव्हे, बरोबर जागी बसला म्हणून. नामदेव तरी पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, शिकले. मी काय केलं? चिठ्ठीत ‘शक्यतो’ घातलं.

त्या चिठ्ठीत आणखी दोन ओळी होत्या. ‘संकल्पना आणि छपाई’ यापुढे माझं पूर्ण नाव. ‘शिवण’ यापुढे ‘ग्रामीण महिला’. एकच बाई, तिचं अनेकवचन केलं, कारण अनेकवचनात एक सामाजिक कार्य दिसतं. प्रदर्शनात लोक विचारायचे, किती महिलांना काम मिळतं? मी हसून ‘वाढतंय हळूहळू’ म्हणायचो. पैशांचा हिशेब इथं मांडत नाही. मांडला तर मी तो स्वतःला थोडा बरा दिसेल असाच मांडेन, एवढी ओळख आता झाली आहे. त्यांना दर ठरला होता आणि तो त्यांनी मागितला तेवढाच होता, हे खरं. त्यांनी किती मागावं हे ठरताना पुण्यातली किंमत त्यांना माहीत नव्हती, हेही खरं.

पुढे कधीतरी मला उपरती झाली, म्हणजे एका बाईंनी प्रदर्शनात सगळ्यांदेखत विचारलं, शिवलंय कुणी, नाव का नाही? लाज वाटली ती नाव नसल्याची की चारचौघांत पकडले गेल्याची, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. परत येऊन मी मावशींना मोठेपणानं म्हणालो, पुढच्या चिठ्ठीवर तुमचं नाव टाकतो. मला वाटलं, खूश होतील.

“नगा टाकू,” त्या म्हणाल्या. “इटलं तर लोक मला इचारतील.”

या उत्तराशी मी बरेच दिवस झगडतो आहे. आधी वाटलं, बिचारी संकोची आहे. मग वाटलं, हिला नावाचं मोल कळत नाही. किती सोयीचे अर्थ! खरं तर नावाचं मोल आमच्या दोघांत त्यांनाच कळत होतं. त्यांच्या पंचक्रोशीत वाकळीवर चिठ्ठी नसते, तरी कुणाचा दोरा कुणाचा हे बायका टाक्यावरून ओळखतात. उसवली, विटली, गोळा झाली, तर ज्या घरात ती पांघरली जाते त्या घरातली बाई बाजारात भेटते आणि तोंडावर सांगते. त्यांचं नाव प्रत्येक धुण्याला पणाला लागतं. माझं लागतं प्रदर्शनाच्या तीन दिवसांत, चांगल्या उजेडात, भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या गोधडीच्या बाजूला. त्यानंतर तिचं काय होतं ते मला कळतही नाही. कळू नये अशीच तर व्यवस्था आहे. मग सही कुणाची खरी?

या छपाईतलं एक नाव मला इथं सारखं आठवतं. हर्शेलच्या शोधानंतर वर्षभरातच, १८४३ साली, ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रातलं शेवाळ थेट कागदावर ठेवून अशाच निळ्या छापांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते आज ओळखलं जातं. त्यावर त्यांनी घातली होती फक्त ‘ए. ए.’ ही दोन अक्षरं. पुढे एका अभ्यासकानं त्याचा अर्थ ‘अनामिक हौशी’ असा लावला. शेवाळाच्या नावांबद्दल मात्र त्या काटेकोर होत्या. प्रत्येक छापाखाली शास्त्रीय नाव. मी लोकांना हे अनेकदा सांगितलं आहे, प्रदर्शनातल्या फलकावरही लिहिलं आहे, आणि लिहिताना कुठंही थबकलो नाही. स्वतःचं नाव दोन अक्षरांत आटोपून वस्तूचं नाव चोख देणाऱ्या बाईंचा दाखला मी माझ्या नावाच्या मोठ्या टायपाखाली देत होतो!

आणि तेर? पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या प्रवासी पुस्तकात, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर नगराचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आमचं तेर. तिथून साधं कापड भरपूर आणि तलम कापडाचे प्रकार भडोचच्या बंदराला जातात, असं त्यात लिहिलं आहे. हेही मी फलकावर घातलं होतं. दोन हजार वर्षांची परंपरा! पण उन्हातल्या या निळ्या छपाईचा आणि त्या कापडाचा काडीचा संबंध नाही. आमच्या जिल्ह्यात ही छपाई कधी नव्हती. मी पुस्तकातून शिकलो. परंपरा अशी शेजारधर्मानं उसनी घेता येते का? त्या पुस्तकानं आधी साधं कापड सांगितलं, मग तलम. साधं कापड म्हणजे वापरून फाटेल ते. मी फलकावर ठळक केलं होतं ‘तलम’.

मग मी हीच रीत का धरली? नीळ होती की. नीळ साबणाला टिकते. घासून घासून हळूहळू उतरते, पण अशी फसवत नाही. पांढरी राखायची जागा चिखलानं, खळीनं किंवा मेणानं झाकायची आणि निळीत बुडवायचं, ही रीत आपल्या देशात जुनी. राजस्थानात बगरू-अकोल्याकडे चिखल, चुना आणि डिंकाचा दाबू लावतात आणि तो उन्हातच वाळवतात. ऊन तिथंही आहे, फक्त त्याचं काम मुकाट आहे. ज्वारीच्या पिठाची खळ मीही करून पाहिली. ती वाळली की बारीक भेगा पडतात आणि रंग त्या भेगांतून आत शिरून पांढऱ्यावर जाळं विणतो. दिसायला सुंदर, पण आपल्या हुकमात नाही. निळीचा हौद लावायचा म्हणजे तो रोज हलवा, वास घ्या, रंग पाहा, थंडी पडली की थांबा. कापड बाहेर काढल्यावर हिरवं, हवेत निळं, मग पुन्हा बुडवा, पुन्हा वाळवा. एवढा धीर माझ्यात नव्हता. उन्हातला छाप पाव तासात डोळ्यांपुढे उभा राहायचा, त्याचा फोटो काढून पाठवता यायचा. ‘वा!’ लगेच ऐकू यायचं. घाई रंगात नव्हती, माझ्यात होती. आणि तरी, पूर्ण न्यायानं सांगायचं तर, कडुनिंबाच्या पानाची अशी हुबेहूब सावली नीळ देत नाही. त्या सावलीच्या मोहाला मी नुसतीच लबाडी म्हणणार नाही. ती पाहताना आनंद होतो, तो खोटा नव्हता.

पाण्याचं मात्र समर्थन सापडत नाही. कापडातला पिवळेपणा पुरता जाईपर्यंत पाणी बदलावं लागतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ही काही जुनी गोष्ट नाही. अशा मुलखात मी भिंतीवर टांगायच्या गोधडीसाठी बादल्या ओतत होतो. आता शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या कापडाच्या पहिल्या धुण्याला ठेवतो. काटकसर म्हणून ठीक आहे. पण ही काटकसर मला सुचली ती पाणी मोजकं आलं त्या आठवड्यात. मुबलक असतं तर सुचली असती का?

कापडाचंही तेच. वाकळ म्हणजे ज्या कापडाचं काम झालं त्याला दुसरं काम. मी कोरा मांजरपाट आणायचो, त्याची खळ जावी म्हणून उकळायचो, छापायचो आणि मग चांगलं अख्खं कापड कापून त्याचे तुकडे करायचो, जोडण्यासाठी! मावशींना ते पहिल्या दिवशी बघवलं नव्हतं. “कापायचं कशाला?” त्यांनी विचारलं होतं, आणि मी ‘डिझाइन’ असं उत्तर दिलं होतं. पुढे त्यांच्याच घरातलं जुनं धोतर हाताशी आलं म्हणून लिंबूसत्त्वाच्या पाण्यातून काढून छापलं, तर द्रावण कोऱ्या मांजरपाटापेक्षा एकसारखं पसरलं. शेकडो धुण्यांनी खळ आधीच गेलेली. पण सुती धोतरं आता सापडतात किती? त्यांच्या गाठोड्यात बहुतेक साड्या पॉलिस्टरच्या, त्यावर हा रंग धरत नाही. मध्ये घालायला त्या चालतात, वर नाहीत. म्हणजे जुन्या कापडाचा माझा नवा आग्रहसुद्धा त्यांच्या गाठोड्यापेक्षा माझ्या कल्पनेतल्या गाठोड्यावर उभा आहे की काय?

ज्यांनी गोधड्या घेतल्या त्यांतल्या ज्यांचे नंबर माझ्याकडे होते त्यांना मी एकेक करून फोन लावतो आहे. साबण, सोडा, ऊन, तिन्ही सांगतो. एकजण म्हणाले, “अहो, काळजी करू नका, आम्ही ती फ्रेम करून लावलीय.” फोन ठेवल्यावर सुटल्यासारखं वाटलं आणि पाठोपाठ वाईट वाटलं. गोधडी काचेत! मग वाईट वाटायचा अधिकार मला कुठून आला, ‘बघायची गोधडी’ हे शब्द माझेच होते की. एका बाईंनी मात्र गेल्या पावसाळ्यातच धुतली होती. त्या रागावल्या नाहीत. “आमचंच चुकलं असेल, चिठ्ठी नीट वाचली नाही,” म्हणाल्या. चिठ्ठी त्यांनी अगदी नीट वाचली होती, हे मी त्यांना सांगितलं. दुसरी करून देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, पांघरायला होईल अशी असेल तर द्या.

तर सध्या निळीचा हौद लावला आहे, छोटा, आणि तो माझं ऐकत नाही. खळीनं झाकून निळीत बुडवलेला एक तुकडा आणि जुन्या धोतरावर उन्हात छापलेला एक, असे दोन्ही मावशींनी स्वतःच्या घरच्या वाकळीत शेजारी शेजारी लावून दोरे घातलेत. ही वाकळ पांघरायची आहे. नातू तिच्यावर झोपतो. घटस्थापनेच्या आधी ती बाकीच्यांबरोबर सोड्यात जाणार, दगडावर धोपटली जाणार, दिवसभर उन्हात पडणार. काय होईल ते मला रसायनानं आधीच सांगून ठेवलं आहे. दोन्ही तुकडे कसे उतरतात ते पाहायला मी धुण्यावर यावं का, असं विचारलं तर मावशी म्हणाल्या, “या की. पण सर, मदीच काई सांगू नगा.” मी कबूल केलं आहे. आणि तरी यंदा त्यांनी सोडा जरा हात राखून टाकावा, असं मला मनातून वाटतंच आहे.